बीसीमध्ये पहिल्यांदाच माउंटन गोटच्या शिकारीला जायचंय, प्लॅन बघून सांगा

रानवाट_पीजी

नमस्कार मंडळी,

आम्ही प्रिन्स जॉर्जला असतो, कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे बीसी. इथल्या एका मित्राबरोबर हरणं आणि मूसच्या मागे जायला लागलो त्याला आता काही वर्षं झाली, कोअरचा, म्हणजे शिकारीच्या परवान्यासाठी लागणारा कोर्स झालाय, बंदुकीचं लायसन्स हातात आहे, पीआर (कायम राहण्याचा परवाना) आहे आणि राहायला कायम इथेच त्यामुळे रेसिडेंट म्हणून शिकारीचं लायसन्स मिळतं. आता डोक्यात माउंटन गोट बसलाय, कड्यांवर राहणारं ते पांढरं, रानबोकडासारखं जनावर. मागच्या वर्षी टेरेसला जाताना हायवे १६ वरून समोरच्या कड्यावर चार पांढरे ठिपके दिसले, गाडी बाजूला घेऊन दुर्बिणीतून कितीतरी वेळ बघत बसलो, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

विचार असा आहे की सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुट्टी टाकायची, हायवे ३७ ने वर जायचं, तिथून फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) एखाद्या तळ्यावर उतरायचं आणि सात दिवस तिथेच मुक्काम. स्कीना रीजनमध्ये काही भागांना ड्रॉ (परवान्याची सोडत) आहे आणि काही भागांत सरळ सीझन उघडतो, ड्रॉची तारीख गेलीय म्हणून आम्ही दुसऱ्या प्रकारचा भाग शोधतोय. रायफल माझ्याकडे .२७० कॅलिबरची आहे, ती पुरेल का मोठी घ्यावी? हेलिकॉप्टरने सरळ वरच सोडतात का कोणी, म्हणजे चढ वाचेल? मित्राला ऐनवेळी सुट्टी नाही मिळाली तर एकट्याने जाणं कितपत बरोबर? ग्रिझलीची (इथलं मोठं अस्वल) भीती आहे ती वेगळीच. आणि शिकार झालीच तर मांस खाली कसं आणायचं?

सह्याद्रीत भरपूर भटकलोय, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलोय उतरलोय, त्यामुळे उंचीची भीती नाही. पण इथलं रान वेगळं आहे हे कळतं, म्हणून विचारतोय.

---

बुल्कलीकाठ

तुझा प्लॅन नीट वाचला. मी स्मिदर्सला राहतो, या डोंगरांत बरीच वर्षं काढलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तू जो प्रश्न सगळ्यात शेवटी टाकलायस ना, मांस खाली कसं आणायचं, तो सगळ्यात आधी सोडव, कारण बाकी सगळा प्लॅन त्याच्यावर उभा राहतो.

पूर्ण वाढलेला नर १०० किलोच्या वर सहज जातो. हाडं काढून नुसतं मांस घेतलं तरी ३५-४० किलो धर, वर कातडं आणि डोकं, आणि कातडं ओलं असेल तर त्याचं वजन वाढतच जातं. त्यात तुमचा टेंट, रायफल, दोरी, जेवण. म्हणजे दोघांना कमीत कमी दोन फेऱ्या, आणि त्याही ज्या उतारावर रिकाम्या हातानं उभं राहताना पाय थरथरतात तिथून. चारही पाय आणि पाठीचं मांस खाली आणणं हा इथला कायदा आहे, शिंगं घेऊन मांस वर सोडून यायचं असं चालत नाही आणि चालूही नये. म्हणून नकाशावर गोट कुठे असतील हे बघायच्या आधी खाली यायचा रस्ता आख. ज्या कड्यावरून ३० किलोचं ओझं घेऊन उतरता येणार नाही त्या कड्यावर गोट कितीही मोठा दिसो, तो आपला नाही.

आता दिवसांचा हिशोब. तू सात म्हणतोयस. बीसीत चार्टर विमानातून उतरल्यावर सहा तास शिकार करता येत नाही, म्हणजे पहिला दिवस तंबू ठोकण्यात आणि दुर्बीण लावून बसण्यात गेला. शेवटचा दिवस विमानाची वाट बघण्यात. मांस उतरवायला एक पूर्ण दिवस, कधी दीड. मधे धुकं येणार म्हणजे येणारच, आणि धुक्यात समोरचा दगड दिसत नाही तिथे गोट काय दिसणार, नुसतं टेंटमध्ये पडून राहायचं. उरले किती, तीन. दहा दिवसांची सुट्टी काढ आणि जेवण तेरा दिवसांचं ने. पायलट डोळ्यांनी बघून उडतात, ढग खाली आले की ते येत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे. जेवण माणशी दिवसाला ८००-९०० ग्रॅम कोरडं धर. चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, मेतकूट आणि झटपट होणारा भात, ह्यावर मी डोंगरात छान राहतो, बाजारातली ती फ्रीज-ड्राय पाकिटं रोज रात्री एक एवढीच.

हेलिकॉप्टरचं डोक्यातून काढून टाक. शिकाऱ्यांची किंवा शिकारीची ने-आण हेलिकॉप्टरने करणं इथे बेकायदा आहे, अगदी ठराविक अपवाद सोडले तर. ड्रोन पण बरोबर नेऊ नकोस. फ्लोटप्लेनवाल्याला बुक करतानाच किलोमध्ये वजन सांग, येताना मांस असेल तर दुसरी फेरी लागेल का आणि तिचे पैसे किती हेही तेव्हाच ठरव. आणि बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखटाचा फवारा) आणि गॅसचे डबे असतील तर पायलटला आधी सांगायचं. स्प्रे ते बहुतेक वेळा बाहेर फ्लोटच्या आतल्या कप्प्यात टाकतात, कारण केबिनमध्ये एक डबा फुटला तर पायलटला डोळे उघडे ठेवता येणार नाहीत.

तळं निवडताना सरळ रेषेतलं अंतर बघून फसू नकोस. सॅटेलाइट फोटोत कड्याच्या खाली फिकट हिरवे उभे पट्टे दिसतात, बघणाऱ्याला वाटतं वा, गवत आहे, सरळ चढून जाऊ. ते गवत नसतं. हिमस्खलनाने मोठी झाडं साफ झालेली असतात आणि तिथे स्लाइड आल्डर नावाचं झुडूप माजलेलं असतं, बर्फाच्या दाबाने सगळ्या फांद्या उताराकडे वाकलेल्या, म्हणजे वर चढताना प्रत्येक फांदी तुमच्या छातीवर येते. किनाऱ्याच्या बाजूला त्यात डेव्हिल्स क्लब या झुडपाचे काटे. एक किलोमीटरला अख्खी सकाळ जाते. त्यापेक्षा झाडांची रेषा जिथे संपते त्याच्या जवळचं, उंचावरचं तळं घे, मग चालायचं अंतर जास्त असलं तरी चालेल.

रायफलचं म्हणशील तर .२७० पुरे आहे, फक्त गोळी चांगली बाँडेड (आतलं शिसं आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा तांब्याची घे. गोट फार चिवट. गोळी बसल्यावर दोन पावलं टाकायला मिळाली तरी तो कड्याकडेच जातो, आणि तिथून पडला की दोनशे मीटर खाली, शिंगं तुटलेली, मांस ठेचलेलं, किंवा अशा कपारीत अडकलेला की आपण पोचूच शकत नाही. म्हणून खांद्यावर, हाड मोडेल अशी गोळी, म्हणजे तो जागेवर बसेल. आणि त्याच्याही आधी, तो उभा आहे तिथून घरंगळला तर कुठे जाऊन थांबेल हे बघ. सपाटीवर येईपर्यंत थांब. दुपारी ते बसतात, रवंथ करतात, संध्याकाळी चरायला उठतात आणि पुष्कळदा बऱ्या जागी येतात. थांबायची तयारी असेल तर डोंगर जागा देतो. नाही आली जागा तर उद्या.

जायचं वरून. त्यांचं सगळं लक्ष खाली असतं, धोका खालून येतो हेच त्यांना माहीत. सकाळी थंड हवा खाली वाहते, ऊन चढलं की वर, तर तू वर पोचशील तेव्हा वारा कुठला असेल ते सकाळी निघतानाच ठरवून घे.

एकट्याने जाऊ नकोस. मित्राला सुट्टी नसेल तर पुढच्या वर्षी. पाय मुरगळला आणि इनरीचचं (सॅटेलाइटवरून मदत मागायचं यंत्र) बटण दाबलं तरी ढग असले की हेलिकॉप्टर येत नाही. इथे रेस्क्यूचे पैसे घेत नाहीत, ती माणसं स्वयंसेवक असतात आणि आपल्यासाठी जीव धोक्यात घालतात, एवढं लक्षात ठेवून ठरव.

---

हिमशिखर_जुनो

काकांनी मांस खाली उतरवण्याचं लिहिलंय ते अगदी मनातलं. मी अलास्कात, जुनोला असते, आमच्याकडे घराच्या मागच्या डोंगरावर गोट दिसतात. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, नर की मादी, कारण पहिल्यांदा जाणारे सगळे इथेच गडबडतात आणि कोणी फारसं बोलत नाही.

दोघांनाही शिंगं असतात, दोघांचीही काळी, लांबीही जवळपास सारखीच, कधी कधी मादीची जास्त लांब. त्यामुळे 'मोठी शिंगं म्हणजे नर' हे साफ चूक. शिंगाचं बूड बघायचं. नराचं बूड जाड असतं आणि समोरून बघितलं तर दोन शिंगांमधली फट अगदी कमी, मादीची शिंगं बारीक आणि मधे चांगली जागा. बाजूने बघितलं तर नराचं शिंग बुडापासून टोकापर्यंत एकसारखं वाकत जातं, मादीचं बरंचसं सरळ जाऊन टोकाशी पटकन मागे वळतं. शिंगांच्या मागे काळ्या ग्रंथी असतात, नराच्या त्या मोठ्या, पण लांबून त्याच्यावर विसंबू नका. सगळ्यात खात्रीचं म्हणजे लघवी करताना बघणं, मादी मागचे पाय वाकवून बसते, नर ताणून उभा राहतो. ह्यासाठी तासभर स्कोपला डोळा लावून बसावं लागलं तरी बसा. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) जड होतो म्हणून घरी ठेवून येणारे बघितलेत, मी म्हणेन दुसरं काहीही कमी करा, तो न्या.

आणि कळपात करडं असतील तर त्या कळपाकडे नुसतं बघून आनंद घ्या. मोठे नर बहुतेक एकटे नाहीतर दोघं-तिघं असतात, कळपापासून लांब, भलत्याच अवघड जागी.

एवढं का सांगतेय, तर मादी पहिल्यांदा वितेच मुळी चार-पाच वर्षांची झाल्यावर, एका वेळी बहुतेक एकच करडू, आणि तेही दरवर्षी होईल असं नाही. त्यातली बरीच करडं पहिला हिवाळा काढत नाहीत, मोठी जनावरंही हिमस्खलनात जातात. एका डोंगरावर वीस-पंचवीस गोट असतील आणि त्यातल्या दोन माद्या गेल्या तर तो डोंगर सावरायला वर्षं लागतात, बाहेरून नवीन माद्या येत नाहीत कारण त्या आपला डोंगर सोडून फारशा जात नाहीत. म्हणूनच आमच्या आग्नेय अलास्कात कोटा मोजताना नराला एक पॉइंट आणि मादीला दोन धरतात, पॉइंट संपले की तो भाग बंद. आमच्या फिश अँड गेम खात्याच्या साइटवर नर-मादी ओळखायची क्विझ आहे, फोटो बघून सांगायचं. बीसीत जाणार असलात तरी ती सोडवा, परत परत सोडवा, जोपर्यंत एकही चुकत नाही तोपर्यंत.

(कोणी भारतातून वाचत असेल आणि अलास्काचा विचार करत असेल तर, अमेरिकन नागरिक नसलेल्या बाहेरच्या माणसाला इथे कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड घ्यावाच लागतो.)

---

सह्यभटक्या

मी पुण्याहून वाचतोय. राग मानू नका पण मनात आलं ते विचारतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, आणि निलगिरी ताहर (डोंगरातली रानबकरी) बघायला मी मुद्दाम केरळात एरविकुलमला गेलो होतो, इतकं देखणं जनावर, कड्यावर उभं राहून खाली बघतं तेव्हा श्वास रोखला जातो. तोच प्रकार ना हा? दुकानात मांस मिळत असताना तिथवर जाऊन त्याला मारायचं का? ट्रेक करा, फोटो काढा. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

रानवाट_पीजी

दादा राग कसला, हा प्रश्न आमच्या घरीही झालाय. ताहरवर भारतात बंदी आहे ती असायलाच हवी, तिथे ती जनावरं किती थोडी उरलीत आणि रान किती थोडं उरलंय. इथे जगातले निम्म्याहून जास्त माउंटन गोट एकट्या बीसीत आहेत, आणि शिकार किती करायची, कुठे बंद ठेवायची हे सरकारी बायोलॉजिस्ट मोजणी करून ठरवतात. मला दुकानातलं मांस घेताना ते जनावर कसं जगलं याचा पत्ताही नसतो, इथे मला सगळं माहीत असेल आणि सगळं माझ्या पाठीवरून खाली येईल. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. पण ताईंनी मादीबद्दल लिहिलेलं वाचून मी घरात जाहीर केलंय की खात्री नाही पटली तर रिकाम्या हाताने येणार, आणि त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही.

काका, तारखा बदलल्या. दहा दिवस सुट्टी मिळाली, मित्र नक्की येतोय, नाही आला तर मीही जाणार नाही. फ्लोटप्लेनवाल्याशी बोललो, वजनाचं सांगितलं. आता अस्वलाचं आणि कपड्यांचं तेवढं सांगा.

---

बुल्कलीकाठ

सह्यभटक्या, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो इथल्या शिकाऱ्यांनीही स्वतःला विचारावा असा आहे. इथेही एकेकाळी नको तेवढी शिकार झाली, लाकडासाठी रानात रस्ते गेले, गाडीने डोंगराच्या पायथ्याशी जाता यायला लागलं आणि पूर्वेकडच्या कूटनी भागात बघता बघता कळप रोडावले, त्यानंतर नियम कडक झाले. आणि ही जनावरं इथल्या आदिवासी लोकांच्या आयुष्यात पिढ्यानपिढ्या आहेत. ट्लिंगिट बायका गोटची लोकर आणि पिवळ्या सीडरच्या सालीचे धागे एकत्र पिळून चिल्कॅट घोंगडी विणतात, म्युझियममध्ये बघितलीत तर काचेसमोरून हलणार नाही. तेव्हा रानवाट, ज्या तळ्यावर उतरणार ते कोणाच्या परंपरागत भूमीत येतं ते शोध, आणि त्यांचं ऑफिस असेल तर एक फोन कर. रस्ता, ओढा, अस्वलं, याबद्दल जे ते सांगतील ते नकाशात सापडत नाही.

अस्वलाचं. गोट पडल्या दिवशीच सगळं मांस हाडावरून काढून त्या जागेपासून लांब न्यायचं, निदान काही शे मीटर, आणि असं ठेवायचं की परत येताना लांबून, वरच्या बाजूने दुर्बिणीतून दिसेल. आतडी आणि सांगाडा जिथे आहे तिथे अस्वल येणारच, ते त्याचं. दुसऱ्या फेरीला जाताना सरळ चालत जाऊ नका, आधी थांबून बघा, बोलत जा, आवाज करत जा. अस्वल मांसावर बसलं असेल तर भांडायचं नाही. स्प्रे पट्ट्याला हवा, पॅकमध्ये नको. तंबूभोवती लावायचं बॅटरीवरचं इलेक्ट्रिक कुंपण मिळतं, फार वजन नाही, दोघांत एक घ्या, झोप शांत लागते.

कपडे, सुती काहीही नको, बनियनसुद्धा. अंगाला लोकरीचं, वरती खरा पावसाळी कोट आणि पँट. सप्टेंबर अखेर म्हणजे पाऊस आणि बर्फ एकाच दिवशी. बूट कडक सोलचे, आणि आत्तापासून घालून हिंड. साधे क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) आणि एक आइस अॅक्स दोघांनीही. ओल्या गवताच्या उतारावर क्रॅम्पॉन लावून उतरतात हे तुला आत्ता विचित्र वाटेल, पण ते गवत नळीच्या वाटेतल्या मुरमापेक्षा जास्त घसरतं.

तू कितीही दमलेला असलास तरी गोटला गरीब समजू नकोस. २०२१ मध्ये योहो नॅशनल पार्कात एक ग्रिझली मेलेली सापडली, तपासणीत निघालं की गोटच्या शिंगांनी मेली, काखेत आणि मानेत भोसकलेली. पडलेल्या गोटजवळ जाताना वरच्या बाजूने, थांबून, खात्री करून.

शिंगं ३० दिवसांच्या आत इन्स्पेक्शनला दाखवावी लागतात. तिथे वय सांगतात, पण तूही मोज, शिंगावरची वर्तुळं मोजून त्यात एक मिळवायचा. आणि नर असल्याचा पुरावा मांसाबरोबर कसा ठेवायचा ते या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेतून बघून घे, वर चाकू हातात घेतल्यावर नको.

---

टेरेसची_अन्नपूर्णा

मी शिकार करत नाही, नवरा करतो, शिजवते मी, म्हणून माझं क्षेत्र तेवढं सांगते. सप्टेंबरचा गोट चांगला लागतो, नोव्हेंबरात माजावर आलेला नर असेल तर वास घरभर होतो. मांस वरून आणतानाच बिघडतं किंवा टिकतं, घरी आल्यावर काही करता येत नाही. जाळीदार कापडी पिशव्या न्या, प्लॅस्टिकमध्ये गरम मांस भरलं की संपलंच. सावलीत, वारा लागेल असं दगडांवर पसरून आधी गार होऊ द्या, वरून पाऊस लागू नये. कातड्याचे पांढरे केस मांसाला चिकटतात ते तिथेच वेचा, घरी धुवून निघत नाहीत.

घरी आल्यावर फ्रीजच्या थंडाव्यात आठवडाभर ठेवून मग कापा. म्हातारा नर असेल तर मागच्या पायाचं मांस आपल्या बोकडापेक्षा बरंच चिवट, चरबी जवळजवळ नाही. रात्रभर कच्ची पपई, आलं-लसूण, हळद, मीठ लावून ठेवा, सकाळी कुकरला आपण मटणाला लावतो त्याच्या दुप्पट वेळ, आणि वाटणात सुकं खोबरं जरा सढळ हाताने, कारण तेल सुटायला मांसात काहीच नसतं. पाठीचं मांस मात्र रश्शात घालून वाया घालवू नका, त्याचं सुकं करा, मिरं आणि तूप, पाच मिनिटांत होतं. उरलेल्याचा खिमा, त्यात थोडी डुकराची चरबी मिसळून दळून आणा.

आणि हाडं सगळी वर सोडून येता ते कळतं मला, वजन असतं, पण पाठीत बळ उरलं असेल तर पुढच्या पायाच्या दोन नळ्या तेवढ्या आणा. रश्शाला त्याच्याशिवाय चव नाही.